वाचकांचे प्रश्न : सोनाटा बहिणीची, नाव भावाचं

मागच्या अंकात एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडल्सोन याच्या पियानोसंगीताबद्दल लिहिताना 'त्याची थोरली बहीण फॅनी हीही असामान्य संगीतकार होती' असं एक वाक्य आलं होतं. सर्वाधिक पत्रं त्या एका वाक्यावर आली. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे फॅनीसाठी ठेवलं आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत, रोख बदललेला नाही.

प्रश्न : 'ईस्टर सोनाटा' नावाची पियानोरचना माझ्या फार आवडीची आहे. माझ्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर संगीतकार म्हणून फेलिक्सचं नाव आहे, नव्या ध्वनिमुद्रणांवर मात्र फॅनीचं. खरी कोणाची? आणि भावाने बहिणीचं संगीत स्वतःच्या नावावर खपवलं असं म्हणतात, ते खरं आहे का?

सोनाटा फॅनीची आहे, यात आता शंका नाही. १८२८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने ती लिहिली. १८२९च्या वसंतातल्या तिच्या लिखाणात 'माझी ईस्टर सोनाटा' असा उल्लेख येतो. पण रचना कुठेच सापडत नसल्यामुळे ती हरवली असंच अभ्यासक धरून चालले होते. १९७०मध्ये पॅरिसमध्ये तिचं हस्तलिखित उजेडात आलं. मेंडल्सोन घराण्यातलं, नावाचं आद्याक्षर 'एफ', आणि रचना इतकी पक्की, म्हणजे ती फेलिक्सचीच असणार असं ठरवलं गेलं. १९७२मध्ये फ्रेंच पियानोवादक एरिक हाइडसिक याने ती फेलिक्सच्या नावाने ध्वनिमुद्रित केली. तुमच्याकडचं जुनं ध्वनिमुद्रण बहुधा त्याच वळणाचं असावं.

२०१०मध्ये अमेरिकन संशोधक अँजेला मेस ख्रिश्चन यांना ते हस्तलिखित प्रत्यक्ष पाहायला मिळालं. फॅनीच्या रचनांची एक वही बर्लिनमध्ये आहे आणि तिच्यातली काही पानं गायब आहेत. पॅरिसच्या हस्तलिखितावरचे पृष्ठक्रमांक नेमके त्या गळालेल्या पानांचे निघाले. ८ मार्च २०१७ रोजी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफिया गुल्याक यांनी ती वाजवली, बीबीसी रेडिओ ३ने प्रसारित केली, आणि सोनाटा तिच्या खऱ्या मालकिणीच्या नावाने जगभर पोचली. मधे एकशे एकोणनव्वद वर्षं गेली होती.

इथे एक गोष्ट फेलिक्सच्या बाजूने सांगायला हवी. या सोनाटाच्या बाबतीत त्याने काहीही केलेलं नाही. ही चूक त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी आलेल्या माणसांची आहे. चांगली रचना दिसली की ती भावाचीच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं.

गाण्यांची गोष्ट वेगळी. फेलिक्सचे ओपस ८ आणि ओपस ९ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनांचा अनुक्रमांक) हे बारा-बारा गाण्यांचे संग्रह १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १८३०मध्ये छापले गेले. चोवीसपैकी सहा गाणी फॅनीची आहेत. ओपस ८मध्ये दुसरं, तिसरं आणि बारावं. ओपस ९मध्ये सातवं, दहावं आणि बारावं. मुखपृष्ठावर नाव एकट्या फेलिक्सचं. हे घरात सर्वांना माहीत होतं, फॅनीच्या संमतीने झालं होतं, आणि मित्रमंडळींतही ते गुपित नव्हतं. त्यामुळे याला सरळ चोरी म्हणायला मी तयार नाही. पण दुकानात जाऊन तो संग्रह विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ती गाणी फेलिक्सचीच होती, एवढं खरं.

त्यातून एक प्रसंग घडला. जुलै १८४२मध्ये फेलिक्स बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीला भेटायला गेला. राणीला त्याची गाणी गायची हौस होती. तिने ओपस ८मधलं 'इटालियेन' निवडलं आणि छान गायलं. ते नेमकं फॅनीचं निघालं! फेलिक्सने आईला पत्रात हा सगळा प्रसंग कळवला आहे. गाणं बहिणीचं आहे हे कबूल करणं आपल्याला जड गेलं, पण कबूल केलं, आणि मग राणीला 'आता माझंही एक गा' अशी विनंती केली, असं तो लिहितो. मला त्या पत्रातला 'जड गेलं' हा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याला खोटं बोलता आलं नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. आणि राणीच्या आवडीचं गाणं बहिणीचं निघालं हे त्याला थोडं लागलं, हेही त्याने लपवलं नाही.

प्रश्न : ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पियानो शिकते. फॅनीबद्दल वाचून मला फेलिक्सचा इतका राग आला आहे की त्याच्या रचना वाजवाव्याशा वाटत नाहीत. त्याने तिला छापू दिलं नाही. त्याला दोष द्यायचा नाही तर कोणाला?

तुझा राग मला समजतो. तुझ्या वयाची असताना मीही अशीच चिडले होते. पण राग धरायचाच तर तो नीट माहिती घेऊन धर, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. आब्राहाम मेंडल्सोन श्रीमंत बँकर, तत्त्वज्ञ मोझेस मेंडल्सोनचा मुलगा. फॅनी त्याची थोरली, जन्म १४ नोव्हेंबर १८०५, हाम्बुर्ग. फेलिक्स तिच्याहून सव्वातीन वर्षांनी लहान, मग रेबेका आणि पाउल. थोरल्या दोघांचे शिक्षक सारखेच होते. पियानोला लुडविग बेर्गर, रचनाशास्त्राला कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर. तेराव्या वर्षी फॅनीने वडिलांसाठी बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'मधले चोवीस प्रील्यूड, म्हणजे छोट्या रचना, पाठ करून वाजवले. तू शिकतेस, म्हणून तुला कळेल. यातला एकेक प्रील्यूड बोटांत बसायला किती घासावं लागतं!

म्हणजे शिकवताना हात आखडला नव्हता. पण जुलै १८२०मध्ये, फॅनी चौदा वर्षांची असताना, आब्राहामने तिला पत्र लिहिलं. फेलिक्सचा कदाचित संगीत हा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र ते फक्त अलंकारच राहू शकतं आणि राहिलं पाहिजे, तुझ्या जगण्याचा पाया ते कधीही होता कामा नये, अशा आशयाचं. मुलगी कमी पडते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तिच्या गुणांवर शंकाच नव्हती, आणि मला हेच अधिक क्रूर वाटतं.

आता शेजारच्या लायप्झिगकडे बघ. तिथे १८१९मध्ये जन्मलेली क्लारा वीक, पुढे क्लारा शुमान, नवव्या वर्षी गेवान्डहाउस या तिथल्या प्रसिद्ध संगीतगृहाच्या रंगमंचावर बसली. बाराव्या वर्षाच्या आसपास तिचं ओपस १ छापून आलं. तिलाही वडील होते, तेही कडक होते, आणि तीही मुलगीच होती. फरक असा की फ्रीडरिश वीक पियानो शिकवून आणि विकून पोट भरणारा माणूस होता. मुलीच्या कार्यक्रमांतून मिळणारा पैसा त्या घराला हवा होता. मेंडल्सोनांना तो नको होता. बँकरच्या मुलीने तिकीट लावून वाजवणं किंवा प्रकाशकाकडून मानधन घेणं त्या वर्गात कमीपणाचं समजलं जाई. त्यात हे घराणं मूळचं ज्यू. १८१६मध्ये मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देऊन ते बर्लिनच्या प्रतिष्ठित समाजात पाय रोवत होतं. लोक काय म्हणतील याची धास्ती अशा घरात जरा जास्तच असते. फॅनीला गरिबी आडवी आली नाही, श्रीमंती आली.

वडील नोव्हेंबर १८३५मध्ये वारले. आता फेलिक्सवर येऊ. ३ ऑक्टोबर १८२९ला फॅनीचं लग्न चित्रकार विल्हेल्म हेन्झेलशी झालं होतं. विल्हेल्मला वाद्य येत नव्हतं, पण बायकोने छापावं म्हणून तो सतत मागे लागायचा. आई लेआलाही तेच वाटत होतं. अडत होतं फेलिक्सपाशी. नोव्हेंबर १८३६मध्ये फॅनी त्याला लिहिते की छापण्याच्या बाबतीत माझी गत दोन गवताच्या भाऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या गाढवासारखी झाली आहे. नवरा म्हणतो छाप, तू म्हणतोस नको. इतर कुठल्याही गोष्टीत मी नवऱ्याचं ऐकलं असतं, पण या एका बाबतीत तुझी संमती मला हवीच.

पुढच्या वर्षी लेआने फेलिक्सला गळ घातली की बहिणीला तू प्रोत्साहन दे. २४ जून १८३७चं त्याचं उत्तर तुझ्या रागाचं खरं कारण आहे, ते पूर्ण सांगते. तिने स्वतः ठरवलं तर मी लागेल ती मदत करीन, असं तो म्हणतो. पण छाप असं मी तिला सांगणार नाही, कारण ते माझ्या मताविरुद्ध आहे. छापायचं तर एकामागून एक रचना देत आयुष्यभर लेखकाची भूमिका निभवावी लागते. फॅनीला तशी ओढ नाही, ते तिचं जीवितकार्य नाही. ती योग्य तशी गृहिणी आहे, आधी घर बघते, मग बाकीचं.

फेलिक्सने तिला मना केलं नाही. तो फक्त 'हो' म्हणाला नाही. आणि तिने सगळं त्याच्या 'हो'वर ठेवलं होतं, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. माझ्या मते त्याचा दोष हा आहे, आणि तो लहान नाही. त्या वर्गातल्या, त्या काळातल्या बहुतेक भावांनी हेच केलं असतं, हे मान्य आहे. पण बहुतेक भावांना बहिणीचं संगीत वाचता येत नव्हतं. फेलिक्सला येत होतं. तिच्या रचना तो कागदावर बघून ऐकू शकत होता, तिचं मत घेतल्याशिवाय स्वतःची रचना पुरी झाली असं त्याला वाटत नसे. तिची किंमत युरोपात कोणापेक्षाही त्याला जास्त माहीत होती.

तरी त्याच्या रचना वाजवणं सोडू नकोस. त्या सोडून फॅनीला काही मिळणार नाही. तिने स्वतः त्या आयुष्यभर वाजवल्या. सार्वजनिक मंचावर ती पियानोला बसल्याची एक नोंद ठळक आहे, फेब्रुवारी १८३८मधल्या एका धर्मादाय कार्यक्रमाची. तिथे तिने वाजवला तो फेलिक्सचा जी मायनर पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नका. अलीकडे विस्मृतीत गेलेल्या स्त्रियांना शोधून काढण्याची लाट आली आहे. फॅनी खरोखर फेलिक्सच्या तोडीची होती, की सहानुभूतीपोटी तिला मोठं केलं जातं आहे? तोडीची असती तर तिने सिंफनी, ऑपेरा का लिहिला नाही?

राग मानत नाही. हा प्रश्न सरळ विचारलेलाच बरा.

तिच्या नावावर साडेचारशेहून अधिक रचना आहेत. त्यांतली अडीचशेच्या आसपास एका आवाजासाठी पियानोच्या साथीने लिहिलेली गाणी, मग पियानोरचना, आणि थोड्या मोठ्या रचना: कॅन्टाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठी), एक ओव्हर्चर (ऑर्केस्ट्रासाठी), एक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठी), एक पियानो ट्रायो (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी). सिंफनी नाही, ऑपेरा नाही. म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. का नाही, याचं उत्तर तिच्याच पत्रांत सापडतं.

सिंफनी लिहायला ऑर्केस्ट्रा हाताशी लागतो. लिहायचं, वाजवून घ्यायचं, कुठे फसलं ते ऐकायचं, पुन्हा लिहायचं. फेलिक्सला लहानपणी वडिलांनी घरी वादक बोलावून दिले, पुढे १८३५पासून लायप्झिगचा गेवान्डहाउस ऑर्केस्ट्रा त्याच्या हाती आला. फॅनीची ओव्हर्चर जून १८३४मध्ये बर्लिनच्या एका नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्राने घरच्या मैफलीत वाजवली तेव्हा कोणीतरी तिच्या हातात छडी दिली आणि संचालन करायला लावलं. तिने भावाला कळवलं आहे की इतकी लाजले नसते, प्रत्येक ठोक्याला संकोचले नसते, तर बऱ्यापैकी जमलं असतं. अठ्ठावीस वर्षांची, घरातला प्रत्येक माणूस जिच्या संगीतावर विश्वास टाकतो अशी बाई, आणि हात उचलायला लाजते! ही लाज तिच्यात उपजत होती असं मी मानत नाही. चौदाव्या वर्षी ती पत्रातून हातात दिली गेली होती.

तिच्याकडे श्रोते नव्हते असं मात्र नाही. बर्लिनमधल्या लायप्झिगर श्ट्रासे ३ या घराच्या बागेतल्या दालनात ती १८३१पासून रविवारच्या मैफली भरवायची. बाख, हेन्डेल, ग्लुक, बेथोव्हेन. स्वतः बांधलेला गायकवृंद. पियानोवर बसून ती सगळं चालवायची. शे-दोनशे माणसं यायची. लिस्ट, क्लारा शुमान यांनी ते घर पाहिलं आहे. बर्लिनच्या संगीतजीवनातली ती एक खरीखुरी संस्था होती. पण ती आमंत्रितांची होती. तिथे ऐकलेल्या गोष्टीवर वर्तमानपत्रात टीका येत नाही, दुसऱ्या शहरातला अनोळखी पियानोवादक ती रचना विकत घेऊन घरी वाजवत नाही, 'तिसऱ्या पानावरचं हे वळण कळलं नाही' असं पत्र त्याच्याकडून येत नाही. या पलीकडच्या ऐकण्याला छापील प्रत लागते.

जुलै १८३६मध्ये तिने लंडनमधल्या कार्ल क्लिंगेमान या घरोब्याच्या मित्राला जे लिहिलं ते मला तिच्या सगळ्या पत्रांत सर्वांत जड वाटतं. वर्षातून एखाद्या वेळी कोणी माझी एखादी रचना उतरवून घेतं, किंवा काही खास वाजवायला सांगतं. रेबेकाने गाणं सोडल्यापासून माझी गाणी न ऐकलेली, अनोळखी पडून आहेत. आणि कोणी कधी मतच दिलं नाही, जरासुद्धा रस घेतला नाही, तर कालांतराने माणसाचा त्या गोष्टीतला आनंद तर जातोच, पण तिची किंमत ठरवण्याची स्वतःची शक्तीही जाते.

फॅनीच्या नुकसानीबद्दल बोलताना लोक प्रसिद्धी हुकल्याबद्दल हळहळतात. तिची स्वतःची तक्रार प्रसिद्धीची नव्हतीच. आपलं चांगलं काय आणि कच्चं काय हे आपल्याला समजेनासं झालं आहे, अशी ती होती. रचनाकाराला याहून मोठी इजा होत नाही. आणि सिंफनी का नाही, या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं क्वार्टेटमध्ये. १८३४मध्ये तिने ई फ्लॅट मेजरमध्ये स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं. सुरुवातच संथ भागाने, रूढ आराखडा बाजूला सारून, आणि सूर एका पट्टीत ठाम बसायला तयार नाहीत असा सगळा मोकळा विहार. फेलिक्सला नेमकं तेच खटकलं. पट्ट्या निश्चित नाहीत, रचनेचा घाट सुटलेला आहे, असं त्याने कळवलं. फेब्रुवारी १८३५मध्ये ती उत्तर देते: आपली तरुणपणाची वर्षं बेथोव्हेनच्या अखेरच्या काळात गेली, त्याची ती हळवी, अंतर्मुख शैली माझ्यात मुरली. तू त्यातून पार झालास, मी तिथेच राहिले. माझ्या लांब रचना तरुणपणीच म्हाताऱ्या होऊन मरतात, कल्पना पेलून धरायची ताकद माझ्यात नाही. म्हणून गाणीच मला बरी.

पुन्हा तिने क्वार्टेट लिहिलं नाही.

आज ते क्वार्टेट जगभर वाजतं, आणि फेलिक्सला जो दोष वाटला होता तोच ऐकणाऱ्यांना त्याचा विशेष वाटतो. मी फेलिक्सला मूर्ख ठरवत नाही. त्याची आवड रेखीव, स्वच्छ घाटाची होती आणि त्याने प्रामाणिक मत दिलं. रचना छापलेली असती तर आणखी दहा जणांची मतं आली असती, त्यांतल्या दोघा-चौघांना तो मोकळा विहार आवडला असता, आणि फॅनीला एका माणसाचं मत हा अखेरचा निवाडा वाटला नसता. तो माणूस युरोपातल्या सर्वोत्तम संगीतकारांपैकी एक होता, हे तिचं भाग्य होतं आणि अडचणही.

तोडीची होती का? गाण्यांत आणि पियानोच्या छोट्या रचनांत, माझ्या कानांना, होती. काही गाण्यांत ती त्याच्याही पुढे जाते, कारण ती धोका पत्करते. मोठ्या घाटात तो तिच्याहून खूप पुढे गेला. त्याला वीस वर्षांचा सराव मिळाला, तिला मिळाला नाही. या उत्तरात सहानुभूतीचा एक कणही मिसळलेला नाही.

प्रश्न : मग शेवटी तिचं काही छापलं गेलं की नाही? तुमच्या लेखात 'फॅनी हेन्झेल' असं नाव होतं, म्हणून विचारते.

छापलं गेलं. आणि तिने स्वतः ठरवून छापलं.

१८४६मध्ये बर्लिनच्या दोन प्रकाशकांनी, बोटे उंड बोक आणि श्लेसिंगर यांनी, तिच्याकडे रचना मागितल्या. ९ जुलैला तिने फेलिक्सला पत्र लिहिलं. चौदाव्या वर्षी मी बाबांना जशी घाबरायचे तशी चाळिसाव्या वर्षी भावांना घाबरते आहे, असं म्हणून ती लगेच सावरते: घाबरते म्हणणं बरोबर नाही, माझ्या माणसांना आवडेल तसं वागावं अशी इच्छा असते. आणि मग थोडक्यात, मी छापायला सुरुवात करते आहे. परवानगी मागितलेली नाही, निर्णय कळवला आहे. दहा वर्षांपूर्वीच्या गाढवाच्या पत्राशी हे ताडून पाहा.

फेलिक्सने उत्तर द्यायला महिना घेतला. १२ ऑगस्टच्या पत्रात त्याने 'आमच्या व्यवसायबंधूंत' तिचं स्वागत केलं आणि आशीर्वाद दिला. त्याला मनातून हे पटलेलं नाही हे मला कळतं, पण त्याने गोड शब्दांत लिहिलं याचा आनंद आहे, अशी नोंद तिने रोजनिशीत केली. भावाला ती किती अचूक ओळखत होती!

ओपस १ म्हणजे सहा गाणी, मुखपृष्ठावर 'फॅनी हेन्झेल, माहेरची मेंडल्सोन-बार्टोल्डी'. मग पियानोरचना, मग उघड्यावर गायची समूहगाणी असलेलं ओपस ३, असं भराभर येत गेलं. आणि हात मोकळा होताच ती मोठ्या घाटाकडेही वळली, ज्याची ताकद आपल्यात नाही असं अकरा वर्षांपूर्वी म्हणाली होती. डी मायनर पियानो ट्रायो तिने रेबेकाच्या वाढदिवसासाठी लिहिला आणि ११ एप्रिल १८४७ला रविवारच्या मैफलीत वाजवला.

१४ मे १८४७ला दुपारी, पुढच्या मैफलीची तालीम घेत असताना, पियानोवरचे तिचे हात बधिर झाले. तालमीत फेलिक्सची 'पहिली वालपुर्गिस रात्र' ही रचना चालू होती. पक्षाघाताचा झटका होता. त्याच रात्री ती गेली, एकेचाळिसाव्या वर्षी. बातमी ऐकून फेलिक्स कोसळला. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये त्याने एफ मायनर स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं. त्याच्या नेहमीच्या रेखीव घाटाला न शोभणारं, ठिकठिकाणी फाटलेलं. ४ नोव्हेंबरला तोही गेला. तिचा ट्रायो आणि आणखी काही रचना १८५०मध्ये लायप्झिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेलने छापल्या, आणि त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं बाकीचं सगळं कपाटात राहिलं.

प्रश्न : फॅनीचं काय ऐकावं? सुरुवात कुठून करू?

ट्रायोपासून करा, ओपस ११. पहिल्या काही सेकंदांतच पियानो खळाळत सुटतो आणि वर व्हायोलिन आणि चेलो लांब सूर धरतात. तिसऱ्या भागाला तिने नावच 'गीत' असं दिलं आहे, आणि शेवटचा भाग एकटा पियानो सुरू करतो, वाजवता वाजवता सुचत असल्यासारखा.

मग 'दास यार', म्हणजे 'वर्ष'. १८४१मधली ही पियानोरचना बारा महिने आणि एक उपसंहार अशी आहे. आधीच्या वर्षी हेन्झेल कुटुंब इटलीत राहून आलं होतं. रोममध्ये तरुण फ्रेंच संगीतकार गूनो तासन्‌तास तिचा पियानो ऐकत बसायचा, आणि तिला प्रथमच घराबाहेरच्या कलावंतांकडून दाद मिळाली होती. त्या आठवणीतून हे निघालं. फेब्रुवारीत रोमचा कार्निव्हल आहे, मार्चमध्ये ईस्टरचं स्तोत्र, डिसेंबरमध्ये नाताळचं. शुद्धप्रत तिने रंगीत कागदांवर केली आणि विल्हेल्मने प्रत्येक महिन्याला चित्र काढलं. पूर्ण संच छापला गेला तो थेट १९८९मध्ये. मी शिकवताना यातला 'सप्टेंबर' देते. सूर मधल्या पट्टीत अंगठ्यांकडे असतो आणि त्याच्याभोवती नदी वाहत राहते. पाणी जोरात झालं की सूर बुडतो. ज्यांना वाजवता येतं त्यांनी आधी फक्त मधली ओळ वेगळी काढून, गाऊन, मग हात लावावा.

गाण्यांसाठी ओपस १ आणि ओपस ७. त्यानंतर ई फ्लॅट क्वार्टेट, आणि त्याच बैठकीत फेलिक्सचं एफ मायनर, ओपस ८०, लावा. ईस्टर सोनाटा ऐकताना शेवटच्या भागाकडे लक्ष ठेवा. तिथे धरणीकंपासारखा गडगडाट होतो आणि तो शमल्यावर स्तोत्राची चाल येते.

शोधताना 'फॅनी हेन्झेल' आणि 'फॅनी मेंडल्सोन' अशी दोन्ही नावं घालून पाहा, ध्वनिमुद्रणं दोन्हींखाली विखुरलेली आहेत. आणि फेलिक्सचे ओपस ८ आणि ९ लावलेत तर दुसरं, तिसरं, बारावं आणि सातवं, दहावं, बारावं या गाण्यांपाशी पेन्सिलने तिचं नाव लिहून ठेवा. बऱ्याच ध्वनिमुद्रणांवर ते अजूनही नसतं.